मूल्यशिक्षणाचा तास की संतांचं एखादं पान?

आठवी ते दहावीच्या मुलांपुढे धर्माधर्मांतल्या फरकांचा विषय काढायचा, हातात आठवड्याची एकच तासिका. मग मूल्यशिक्षणाचा ठरलेला तास घ्यावा, की जुन्या मराठीतलं एखादं पान वाचावं? नव्याने रुजू झालेले शिक्षक हे विचारतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

मूल्यशिक्षणाला नावं ठेवायची नाहीत. त्यात ठरवून दिलेल्या दहा मूल्यांपैकी वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा तर तासाला शिकवता येतात. पाचवीतली पोरं दुसऱ्या दिवशी नखं कापून येतात. तयारी फारशी लागत नाही, आणि वही भरलेली असली की तपासणीला आलेले साहेब खूश.

मला खुपलं ते सर्वधर्मसहिष्णुतेच्या दिवशी. बोधकथा संपली, ‘दुसऱ्या धर्माच्या माणसाशी कसं वागावं?’ विचारलं, की सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, ‘प्रेमाने, सर!’ आणि त्याच क्षणी माना मागच्या बाकाकडे वळायच्या. तिथे वर्गातला एकुलता एक मुसलमान मुलगा वहीत डोकं घालून बसलेला. तो आता वर्गमित्र राहिलेला नसायचा, धड्यातलं उदाहरण झालेला असायचा. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तर आणखी अवघड. बोधकथा बदलून पाहिल्या, माना वळायच्या थांबल्या नाहीत. मूल्यशिक्षणातून माझं मन उडालं ते एवढ्यावरून.

संत एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या रचनेचं तसं नाही; तुर्क म्हणजे इथे मुसलमान. त्यात दोघे कडाकडा भांडतात, एकमेकांच्या देवाधर्मातल्या विसंगती काढतात आणि शेवटी समेटावर येतात. मुख्य म्हणजे तुर्क तिथे तोलामोलाने बोलतो, कुणाच्या दयेवर उभा नसतो. मी भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या. ज्याला ज्याची बाजू आली त्याने ती जीव तोडून मांडली. माना वळवायला सवड कुणाला होती?

अडचणी आहेत. भाषा जुनी, एका कडव्यावर अर्धा तास जातो. दोन्हीकडचे टोमणे आजच्या वातावरणात झोंबू शकतात, त्यामुळे शिक्षकाला लगाम हातात ठेवावा लागतो. पालक विचारतात, ‘शाळेत धर्म कशाला?’ तेव्हा सांगावं की राज्यघटनेच्या २८व्या कलमाने पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई केली आहे. पण धर्मांविषयी अभ्यास करणं त्या मनाईत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलं आहे. तरी मुख्याध्यापकांच्या कानावर आधी घातलेलं बरं.

महाविद्यालयात नव्या शैक्षणिक धोरणानंतर मूल्यशिक्षणालाही श्रेयांक (क्रेडिट) आले आहेत, म्हणजे तिथे हा पेच परीक्षेसकट आहे. तिथे मी शिकवलेलं नाही, पण मराठी किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाला पानं शोधायला लांब जावं लागणार नाही. श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद आहेत. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण आहे. ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, हे कळल्यावर मोबाईलवर रोमनमध्ये मराठी लिहिणारी माझी पोरं एकदम जवळ सरकली होती.

तुमचा वर्ग लहान वयाचा असेल, किंवा शाळेतलं वातावरण आधीच तापलेलं असेल, तर ठरलेला तासच चालू द्या. एरवी पानं घ्या, पण पहिल्याच आठवड्यात संवाद काढू नका. आधी शेख महंमदांचा एखादा सोपा अभंग वाचा, वर्गाला जुन्या भाषेची सवय होऊ द्या. भांडण दिवाळीच्या सुट्टीनंतर.