गेटिसबर्ग: चित्रासमोरची माहिती की रानातली पायपीट?

३ जुलै १८६३ची दुपार, अमेरिकन यादवी युद्धातला 'पिकेट्स चार्ज' हा हल्ला. सुमारे १२,५०० कॉन्फेडरेट (फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे) सैनिक उघड्या शेतातून जवळपास मैलभर चालत युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्याच्या, फळीवर गेले. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला हा हल्ला दोन प्रकारे समजून घेता येतो.

संग्रहालयातलं गोल सायक्लोरामा चित्र (बघणाऱ्याला चारी बाजूंनी वेढणारं) ३७७ फूट लांब आणि ४२ फूट उंच आहे. फिलिपोतो या फ्रेंच चित्रकाराने ते १८८४ साली पूर्ण केलं. निवेदन आणि प्रकाशझोतांमुळे कोणती तुकडी कुठे होती हे पटकन कळतं, शिवाय ऊन-पावसाची चिंता नाही. अडचण एकच: सगळं एकाच क्षणात गोठलेलं आहे, आणि आपण युनियनच्या बाजूने बघत असतो.

उद्यानाच्या रेंजरबरोबर (मार्गदर्शकाबरोबर) रानात गेलात की जमीन बोलू लागते. कॉन्फेडरेट बाजूच्या व्हर्जिनिया स्मारकापासून निघा. लांबून सपाट वाटणाऱ्या शेतात खोलगट पट्टे लागतात. त्यात उतरलं की समोरचा, युनियनची फळी होती तो माथा दिसेनासा होतो. तिथे सैनिकांना क्षणभर आडोसा मिळे. पुढे एमिट्सबर्ग रस्त्यालगतची लाकडी कुंपणं. ती ओलांडताना रांगा विस्कटल्या, आणि तोफांमधून सुटणाऱ्या लोखंडी गोळ्यांच्या माऱ्यात माणसं आयती सापडली. हे चित्रात उमगत नाही, पायांना उमगतं.

आमचं मत स्पष्ट आहे: वेळ एकाचाच असेल तर रान. दोन्ही जमत असेल तर आधी चित्र. जुलैत पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. गवतात गोचिड्या असतात, म्हणून लांब पँट घाला.