निळा प्लग, आत यूएसबी २

खोक्यावर ‘४के’ आणि ‘यूएसबी ३.०’ ठळक छापलेलं एचडीएमआय कॅप्चर कार्ड (एका मशीनचं चित्र यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) कुणी साडेचार हजारांना देत असेल, तर पैसे काढण्याआधी हे वाचा.

आमचं काम लग्नं आणि गावोगावच्या कबड्डी स्पर्धा लाइव्ह दाखवण्याचं. ग्राफिक्सच्या मशीनमधून निघणारं १०८०पी (फुल एचडी) चित्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर सेकंदाला ६० फ्रेमने आणि कॉम्प्रेस न होता हवं होतं. हे सगळं दुकानदाराला सांगितलं. ‘बिनधास्त न्या साहेब, सगळे स्टुडिओवाले हेच नेतात!’

चित्र आलं. पण चढाईपटू वळला की हातापायांचे चौकोन व्हायचे, स्कोअरची लाल अक्षरं फुटायची. ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉरमॅट एमजेपेगवरून (कॉम्प्रेस केलेला) वायूवाय२ (कॉम्प्रेस न केलेला) केला, तर सेकंदाला ५ फ्रेम. तिथेच बिंग फुटलं. आम्हाला हव्या त्या चित्राला कॉम्प्रेस न करता, ८ बिट ४:२:२ या रंगनोंदीच्या पद्धतीत, सेकंदाला सुमारे २ गिगाबिट लागतात, आणि यूएसबी २ ची कमाल ४८० मेगाबिट. मित्राच्या मॅकवर कार्डाचा वेग तेवढाच दिसला. हार्डवेअर आयडीत, म्हणजे कॉम्प्युटरला दिसणाऱ्या कार्डाच्या ओळख क्रमांकात, २१०९ हा आकडा होता, म्हणजे आत एमएस२१०९ चिप. ही चिप असलेले डोंगल ऑनलाइन हजाराच्या आत मिळतात. चिपचा दोष नाही, मीटिंगपुरती ती चांगली आहे.

मग ‘४के’ कुठून आलं? ते फक्त इनपुटचं. कार्ड ४के सिग्नल घेतं, पण कॉम्प्युटरला देतं १०८०पी, तेही ३० फ्रेमने. दुकानदाराने हेच धरलं: ‘४के घेतंय ना? मग खोटं काय?’ वकील व्हायचा राहिला गडी.

यूएसबी ३ वर मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. प्लगमधलं प्लास्टिक यूएसबी ३ सारखं निळं, पण धातूच्या पट्ट्या चारच. यूएसबी ३ च्या मोठ्या चौकोनी प्लगमध्ये त्या चारांमागे आणखी पाच असतात. दुकानातच मोबाइलच्या टॉर्चने बघता येतं.

पैसे परत मागितले, तर बिलावर नुसतं ‘कॉम्प्युटर ॲक्सेसरी’. हे कार्ड आमच्याकडचंच कशावरून, असं आता तो विचारतोय. तुम्ही बिलावर मॉडेल आणि ‘यूएसबी ३, १०८०पी ६० फ्रेम’ लिहून घ्या. कां-कूं केली तर सरळ उठा. आम्ही खोक्याचे फोटो, ओबीएसचं रेकॉर्डिंग आणि यूपीआयची पावती जमवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर, तक्रार केली आहे.