सोलापुरातलं एक सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्र: मॅडमला पाच स्टार, बाकड्याला एक

शेजारच्या वहिनींसोबत गेले होते. सरकारी दवाखान्यात 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' असा लांबलचक बोर्ड असतो बघा, आयसीटीसी म्हणतात ते. सोलापुरातलं नेमकं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, वहिनी विड्या वळतात आणि विड्या द्यायच्या लाईनीत बातमी किती लवकर फिरते ते इथल्यांना सांगायला नको.

तपासणीला नाव ठेवायला जागा नाही. पैसे शून्य, बोटातून थेंबभर रक्त, आम्हाला रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला. आणि पहिल्या टेस्टमध्ये काही आलं तरी तेवढ्यावर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगवेगळ्या किटनी मिळून तीन टेस्ट झाल्यावरच ठरवतात.

पण मग एवढं फुकट आणि सोपं असून वहिनी इतकी वर्षं का आल्या नाहीत? नवरा भिवंडीला लूमवर, सणावाराला येतो. टेस्टचा विषय काढला की "तुला कशाला पाहिजे टेस्ट, तूच कुठं तोंड काळं केलंस का" म्हणून हात उचलतो, आणि तू कर म्हटलं तर म्हणतो तुझी बाळंतपणाच्या वेळी निगेटिव्ह आली ना, मग माझी पण निगेटिव्हच. आता हिचा रिपोर्ट म्हणजे त्याचा रिपोर्ट कसा होईल हो? एकाला असून दुसऱ्याला नसू शकतं, त्यात तो कागद कधीचा, त्यानंतर काय झालं ते त्यात कुठून येणार. पण बरेच पुरुष असंच धरून चालतात. आणि गरोदरपणात तपासणी बाईचीच आधी होते, त्यामुळं काही निघालं तर पहिलं नाव तिचं, मग 'हिनंच आणलं' म्हणायला सासर मोकळं.

कौन्सिलर मॅडम मात्र एक नंबर. मला पण बाहेर बसवलं, वहिनींशी एकटीशी बोलल्या. घरी कळलं तर मारहाण होईल का, फोन कुणाच्या हातात असतो, फोन करू की नको, हे सगळं सुई टोचायच्या आधी विचारलं. वहिनी नंतर म्हणाल्या, मार खाते का असं आजपर्यंत कुठल्या दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, २०१८ पासून लागू, त्यात संमतीशिवाय टेस्ट नाही, आणि जोडीदाराला सांगितल्यामुळं मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर, बाईच्या बाबतीत तर खासच, डॉक्टर-कौन्सिलरनी ते कळवायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. हे बाहेर बोर्डवर मोठ्या अक्षरात का लावत नाहीत देव जाणे, तिथं १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाईनचं पोस्टर तेवढं होतं. त्याच्या शेजारी महिलांची १८१ पण लिहिली असती तर काय बिघडलं असतं.

आता बाकडं. बरोबर बोर्डाच्या खाली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडासमोर. वर नाव-आडनाव घेऊन मोठ्यानं हाक. वहिनी पदर तोंडावर घेऊन बसल्या होत्या, त्यानं उलट सगळे जास्तच बघत होते. केसपेपरच्या खिडकीवर तर "मिस्टरांना घेऊन या" म्हणाले, असा काही नियम नाही, आत मॅडमनीच सांगितलं. जोडीनं आलं तर चांगलंच आहे पण जिला घरातून लपून यावं लागतं ती हे ऐकून परत फिरते आणि पुन्हा काय येत नाही.

अजून एक. नुकताच संसर्ग झाला असेल तर लगेच टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत या म्हणतात. बरोबरच आहे, पण यावेळी 'गुडघ्याचं औषध आणायचंय' सांगून निघालेली बाई पुढच्या वेळी काय सांगणार?

केंद्रवाल्यांनी एवढंच करा, बाकडं आत घ्या, नावाऐवजी टोकन नंबर पुकारा आणि खिडकीवरच्या माणसाला मॅडमसमोर अर्धा दिवस बसवा.