बसून नेम धरायला तीन पायांचा स्टँड

दोन पायांचा स्टँड मी बरीच वर्षं वापरला. डावी-उजवीकडची डुगडुग तो आवरतो, पण रायफल पुढे-मागे हलतच राहते. हलत्या नेमावर घोडा ओढून जनावर जखमी करणं मला सोसत नाही, म्हणून हा तीन पायांचा घेतला. गुडघे उभे करून बसायचं, उजवं कोपर गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकवायचं; कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर नको, घसरतं. स्कोपमधली, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतली, फुली आता श्वासाबरोबर जेमतेम वरखाली होते. रायफल मात्र नळीखालच्या पुढच्या लाकडावरच टेकवा. नळी टेकवली की गोळी भलतीकडे जाते.

खटकते ती स्टँडच्या पायांची खिट्टी. शांत रानात तिचा ‘टक्’ फार मोठा वाटतो. मी बसण्याआधीच स्टँडचे पाय लांबवून घेतो.