पावसाळ्यात ई-२० भरायला भरवशाचा पंप, फोंडा

गोव्यात पंपाचा कस लागतो तो जून ते सप्टेंबर. आता मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल, आणि इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी त्यात मुरतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. गाडी तळाचंच ओढते, मग धक्के देते, बंद पडते. फोंड्याहून धारबांदोड्याकडे जाताना लागणाऱ्या या पंपावर जमिनीखालच्या टाकीत रोज दांडी बुडवून पाणी बघतात, तेही पाणी लागलं की रंग बदलणारी, इथेनॉलसाठीची खास पेस्ट लावून. साध्या पेस्टवर भरवसा ठेवता येत नाही.

मागितलं की पाच लिटरचं माप लगेच काढतात. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. फिल्टर पेपरही देतात. नोझलचं तोंड पुसून एकच थेंब टाकायचा. दोनेक मिनिटांत उडाला आणि तेलकट डाग राहिला नाही, तर रॉकेल-डिझेलची भेसळ नाही. पाणी मात्र यात कळत नाही.

ॲव्हरेज कमी मिळतं, त्याला पंप काय करणार? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. हे मिश्रण आलं, कारण आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. जगाचं तेल उत्पादन शिखर कधी गाठणार, हा वाद म्हणूनच आपल्या खिशाशी येऊन भिडतो. अमेरिकी भूशास्त्रज्ञ हबर्टने १९५६ मध्ये अमेरिकेच्या तेल उत्पादनाचं शिखर १९७० च्या आसपास वर्तवलं आणि ते खरं ठरलं. पुढे शेल तेलाने, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलाने, २०१८ मध्ये तो उच्चांक मोडला. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०३० च्या आत मागणीच शिखर गाठेल असं म्हटलं, ओपेकला, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेला, ते अमान्य. साल कुठलंही निघो, शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं. तेल स्वस्तच राहील असं धरून गाडी घेऊ नये.

पंपाची उणीव एकच: हवेचं मशीन उघड्यावर आहे, पावसात टायर भरताना भिजावं लागतं.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवाच पाणी आत आणते. एप्रिल २०२३ पूर्वीची, म्हणजे बहुधा ई-२० साठी न बनवलेली गाडी असेल तर सर्व्हिसिंगला पेट्रोलचा पाइप आणि ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) बघायला सांगा. फुगलेले किंवा चिरलेले असतील तर लगेच बदला.