बॅकअपचं सॉफ्टवेअर बसेना, आणि ‘कस्टमर केअर’नं ५० हजार नेले

सांगलीत गणपती पेठेत आमचं घाऊक किराणा दुकान आहे. हिशोब माझे थोरले बंधू अण्णा बघतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट), पेठ पाण्यात बुडाली, आणि वह्यांबरोबर दुकानातला संगणकही गेला. तेव्हापासून टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा दुकानाबाहेर कुठंतरी सुरक्षित असलाच पाहिजे, असा अण्णांचा आग्रह होता आणि तो शंभर टक्के रास्त होता. फाइली आपोआप क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, चढवणारं एका मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्यांनी तिच्या अधिकृत साइटवरूनच उतरवलं. पण ते बसेना. अर्ध्यावर जायचं आणि ‘इन्स्टॉलेशन फेल्ड’ दाखवून थांबायचं.

अण्णांनी इंटरनेटवर त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. नाव कंपनीचं, चिन्ह कंपनीचं, नंबर भामट्यांचा. फोन लगेच उचलला गेला. आधी हिंदीत बोलणं झालं, मग ‘सीनियर इंजिनिअर’ म्हणून एक मराठी मुलगा लाइनवर आला. “काका, काही टेन्शन घेऊ नका, मी आहे ना,” म्हणाला. बोलणं इतकं आदबशीर की दुकानात शेजारी बसलेल्या गड्यालाही संशय आला नाही.

पुढे त्यानं काय केलं ते नीट वाचा, कारण घाबरवण्याची ही रीत ठरलेली आहे. आधी दुरून स्क्रीन बघण्याचं ॲप घ्यायला लावलं आणि त्यातला कोड विचारून घेतला. संगणक हातात येताच त्यानं विंडोजचं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडलं. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, नुसती रांग. “बघा काका, एवढे व्हायरस आहेत, सॉफ्टवेअर बसणार कसं?” हे इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे संगणकाची रोजकीर्द. रोजकीर्दीत चहापाण्याची चिल्लरसुद्धा चढते, तशी यात बारीकसारीक प्रत्येक अडखळ नोंदली जाते. अगदी ठणठणीत संगणकातही त्या खुणा सापडतात.

मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ची आज्ञा दिली. संगणक कुणाकुणाशी जोडलेला आहे, ते ती दाखवते. ‘फॉरेन ॲड्रेस’ असा रकाना आला. “हे परदेशातले लोक तुमच्या संगणकात घुसलेत.” साफ खोटं. तिथं ‘फॉरेन’ म्हणजे समोरच्या टोकाचा संगणक, इतकंच. तुम्ही बातम्यांची साइट उघडलीत तरी तिचा पत्ता त्या रकान्यात दिसेल.

तिसरी युक्ती मला सगळ्यात नीच वाटते. ‘ॲसॉक’ची आज्ञा दिली की कुठल्या प्रकारची फाइल कशात उघडते याची लांबलचक यादी येते. तिच्या शेवटाला ८८८डीसीए६० नं सुरू होणारा एक मोठा आकडा असतो. त्यानं तो आकडा अण्णांना फोनवर धडाधड वाचून दाखवला. “हा तुमचा लायसन्स नंबर. कंपनीचा माणूस नसतो तर मला कुठून माहीत असता?” अण्णांचा विश्वास बसला तो इथं. आणि तो आकडा विंडोजच्या सगळ्या संगणकांवर अगदी सारखाच असतो. तुमच्याही.

त्यानंतर ४,९९९ रुपयांचा ‘सिक्युरिटी प्लॅन’ गळ्यात मारला. “मोबाइलही सिंकला जोडायचाय,” म्हणून तेच ॲप अण्णांच्या मोबाइलवरही घ्यायला लावलं. क्लाउडचं सॉफ्टवेअर बसवतोय म्हटल्यावर मोबाइल जोडणं कुणालाही सरळच वाटेल. पण त्यामुळं बँकेचे ओटीपी भामट्यांना दिसायला लागले. अण्णांनी प्लॅनचे पैसे नेट बँकिंगनं भरले, तेव्हा पासवर्डसकट सगळं भामट्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मग संगणकाची स्क्रीन काळी झाली, “अपडेट चालू आहे, बंद करू नका”. तेवढ्यात आणखी ४५,००० रुपये गेले.

खात्याचे मेसेज माझ्याही मोबाइलवर येतात म्हणून लगेच कळलं. नेटची वायर काढली, अण्णांचा मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला, माझ्या फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवलं आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात झरझर फिरवले जातात. १९३०वर तक्रार नोंदली की ते ज्या बँकेत पोहोचलेत तिथं अडवता येतात. आमचे २१,००० असे अडकले. ते अजून सुटायचे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणं ग्राहकानं पासवर्ड वगैरे दिलेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आधी घरच्यांशी चर्चा करत बसू नका, बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

“एवढंसुद्धा कळलं नाही?” असं अण्णांना विचारणारे भेटतात. मला त्याचा फार राग येतो. या लोकांचा धंदाच तो आहे, आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे ठकवण्याला आयटी कायद्याच्या कलम ६६डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. लाज त्यांना वाटायला हवी.

सॉफ्टवेअर का बसत नव्हतं? आमच्या जुन्या संगणकावर विंडोज ३२-बिट, म्हणजे जुन्या प्रकारचं होतं आणि ते सॉफ्टवेअर नव्या, ६४-बिट प्रकारालाच चालतं. बस्स. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की ‘सिस्टिम टाइप’समोर हे लिहिलेलं असतं. तिथं ६४-बिट असेल तर डिस्कवर जागा आहे का, ॲडमिनच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या, खात्यातून बसवताय का आणि तारीख बरोबर आहे का, हे बघा. जुन्या संगणकातला सेल संपला की तारीख मागं जाते आणि मग कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. यातल्या कशालाच तुमचं बँक खातं लागत नाही. मदत हवी असेल तर सॉफ्टवेअरच्याच ‘हेल्प’मधून जा, नाहीतर ओळखीच्या संगणक दुरुस्तीवाल्याला दुकानात बोलवा.

परवा अण्णांना पुन्हा फोन आला. ‘सायबर सेल’मधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, परत मिळवायला २,५०० रुपये प्रोसेसिंग फी भरा. तक्रारीचा तपशील त्याला तोंडपाठ होता. पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. अण्णांनी फोन कापला आणि तो नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीत नोंदवून आमच्या मूळ तक्रारीलाही जोडला.