कयानी अँड कंपनी, धोबीतलाव: गटगसाठी माझं मत इथेच

गटग, म्हणजे आमचं गेट-टुगेदर, कुठे करायचं यावर आमच्याकडे दर वेळी दोन-तीन दिवस काथ्याकूट होतो. एकीला दादर हवं असतं, दुसऱ्याला ठाणं सोयीचं पडतं. पुणेकर म्हणतात, तुम्ही मुंबईकर काय ते एकदाचं ठरवा, आम्ही सव्वासातची डेक्कन क्वीन पकडतो. शेवटी बहुतेक वेळा धोबीतलावच्या कयानी या इराणी हॉटेलवर एकमत होतं आणि तसं ते व्हावं असंच मला मनापासून वाटतं. पुढच्या गटगच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून चर्चा नको, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी आम्हाला नेमकं काय हवं असतं ते सांगते, कारण खाण्याच्या जागा मुंबईत पुष्कळ आहेत. आमची ओळख ऑनलाइन, गप्पांच्या एका पानावर लिहिता-लिहिता झालेली. आज डब्याला काय, कुंडीतला कढीपत्ता का तग धरत नाही, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलीची दहावी, पाऊस कुठे किती पडला, असं रोज थोडं थोडं लिहीत वर्षं गेली. त्या दहावीतल्या मुली आता नोकरीला लागल्या. अशी माणसं भेटली की 'मग, काय विशेष?' असं विचारायची गरजच पडत नाही. आदल्या रात्री अर्धवट राहिलेलं वाक्य कोणीतरी खुर्ची ओढता ओढता पुरं करतं आणि तिथून पुढे बोलणं सुरू. त्यामुळे जागा अशी लागते की एकजण दहाला आला, दुसरा अकराला, तिसरी साडेअकराला निघाली, तरी कोणाचं काही अडत नाही. सगळ्यांनी एकदम मागवलंच पाहिजे असं नको. मोठ्याने हसलो तर शेजारच्याने वळून पाहू नये. आणि वेगवेगळ्या लोकल लाइनींवर राहणाऱ्या माणसांना ती साधारण सारखीच लांब पडावी.

हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. कयानी मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महालमध्ये आहे. बोरिवली-वसईकरांनी मरीन लाइन्सला उतरावं आणि चालत यावं. आम्ही डोंबिवली-ठाण्याचे, वाशी-पनवेलचे आणि डेक्कन क्वीनने येणारे पुणेकर सीएसएमटीला उतरतो, तिथूनही चालत येण्याजोगं आहे. आता तर भुयारी मेट्रोचं काळबादेवी स्टेशनही जवळ झालंय. कोणाला एक गाडी सोडून दुसरी बदलायला लागत नाही. फक्त रविवार टाळा. मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असला की परतताना हाल होतात आणि मग गप्पांतलं अर्धं लक्ष लोकलच्या वेळा दाखवणाऱ्या एम-इंडिकेटर ॲपवर राहतं. शनिवारची सकाळ सगळ्यात उत्तम.

हॉटेल 1904 सालचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला याझ्द, केरमान या भागांतून जे झरतुष्ट्री इराणी मुंबईत आले, त्यांनी नाक्यानाक्यांवर अशी हॉटेलं काढली. कोपऱ्याची जागा घ्यायला आपले लोक बिचकत, म्हणून ती त्यांच्या वाट्याला आली असं जुने मुंबईकर सांगतात. याच परिसरात बस्तानी होतं, ते बंद पडलं. 1913 सालचं ससानियन जवळच आहे. एके काळी शहरात शेकड्यांनी असलेली ही हॉटेलं आता थोडकीच उरलीत, आणि जी उरलीत तिथे जाऊन बसणं हे माझ्या मते आपल्या हातातलं काम आहे. आठवणींचे लेख लिहून हॉटेल चालत नाही, चहा पिऊन चालतं. (पुण्याच्या कॅम्पातली श्रूजबेरी बिस्किटांची कयानी बेकरी वेगळी. आमच्यातल्या एका पुणेकरणीने इथे येऊन श्रूजबेरीची चौकशी केली होती, म्हणून सांगितलं.)

आत शिरलं की बिस्किटांच्या काचेच्या बरण्या, वाकवलेल्या लाकडाच्या पाठीच्या खुर्च्या, चौकडीचे टेबलक्लॉथ. टेबलं लहान आहेत आणि तेच मला आवडतं. लांबलचक टेबलावर एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला पोचत नाही, मग दोन गट पडतात आणि घरी गेल्यावर अर्ध्या जणांना कळतं की आपण भलतंच काहीतरी ऐकायचं हुकवलं. इथे चौघं-पाचजण कोपराला कोपर लावून बसतात. सहावा आला की खुर्च्या सरकतात. पिशव्या मांडीवर घ्याव्या लागतात, पण कोणी कुरकुरत नाही.

मागवायचं काय? बन मस्का आणि चहा, हे आधी. बन मऊ, किंचित गोडसर, मस्का लावताना हात आखडता न घेतलेला. ज्यांना दाताखाली काही लागायला हवं त्यांनी ब्रून मस्का घ्यावा. ब्रून पाव वरून इतका कडक असतो की पहिला घास कोरडा तोडला तर टाळू सोलवटते. तुकडा चहात बुडवून मनात दोन-तीन अंक मोजायचे. वरचा पापुद्रा नरम पडतो, आतला पाव चहा पितो आणि वितळलेल्या मस्क्याचे बारीक पिवळे ठिपके चहावर तरंगायला लागतात. मग तो तुकडा सांभाळत तोंडापर्यंत न्यायचा. 'घाटमाथा' या आयडीने लिहिणाऱ्या आमच्या मित्राकडून हे शिकावं. हा गृहस्थ रोज भलं मोठं लिहितो, ट्रेकचे वृत्तांत तर पानंच्या पानं, पण समोर बसला की जवळजवळ गप्प. ब्रून बुडवतो, ऐकतो, मान हलवतो. मावा केकचा कागद न फाटता सोडवून चौकोनी घडी घालून बशीखाली ठेवतो. आणि तासाभराने एखादंच वाक्य असं टाकतो की सगळं टेबल त्याच्याकडे वळतं. गेल्या खेपेला आमच्यातल्या एकीच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलणं चाललं होतं. सगळे औषधं, डॉक्टर, दुसरा सल्ला यावर भरभरून बोलत होते. हा शांतपणे म्हणाला, "ताई, बुधवारी-गुरुवारी मी मोकळा असतो, रात्री दवाखान्यात बसायला येईन." आणि तो गेला. दोन्ही रात्री.

अशा बोलण्याला मध्ये मध्ये जागा लागते. ती जागा चहा देतो. वेटरकाका येतात, कोण काय घेणार हे विचारण्यात बोलणं दोन मिनिटं थांबतं, ज्याला डोळे पुसायचे तो पुसतो, आणि पुन्हा सुरू. आमच्यात एकमेकांना आयडीनेच हाक मारायची सवय, त्यामुळे ऑर्डर देतानाही "पिंपळपानला बन मस्का, मोदकला अकुरी" असं चालतं. काका एकदा गंभीरपणे म्हणाले, "मोदक नहीं है, मावा केक है." मोदकताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

अकुरी म्हणजे पारशी धाटणीची अंडा भुर्जी, कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेली, पण आपल्या भुर्जीपेक्षा ओलसर. पावाबरोबर फार छान लागते. खिमा पाव खाणाऱ्यांनी तो चुकवू नये. त्याचा मसाला अंगावर येत नाही, मांसाची चव लागते, आणि एका प्लेटमध्ये दोघांचं भागतं, कारण पुढे केक खायचाच असतो. मावा केक हवाच. मऊ आणि दाणेदार, वेलचीचा वास बोटांना राहतो. मावा केकच्या बाबतीत ग्रँट रोडच्या मेरवानचं नाव जास्त घेतलं जायचं आणि ते योग्यच होतं, पण तिथला केक सकाळी लवकर संपायचा, आणि वसईहून येणाऱ्याला त्या वेळेला तिथे पोचवणं मला तरी कधी जमलं नाही. शुद्ध शाकाहारी मंडळींसाठी: मावा केकमध्ये अंडं असतं. तुम्ही बन मस्का, ब्रून आणि खारीवर राहा. आमच्यातल्या दोघी तशाच आहेत आणि त्या कधी उपाशी उठल्या नाहीत. चहा गोड असतो, साखर वर्ज्य असलेल्यांनी मागवतानाच सांगावं.

खर्चाचं म्हणाल तर बाहेर एका कॉफीला जे मोजावं लागतं, तेवढ्यात इथे चहा, मस्का आणि केक होऊन जातो. याला मी फार महत्त्व देते. आमच्यात मोठ्या पगाराचे आहेत तसे निवृत्तिवेतनावर जगणारेही आहेत, मधल्या काळात नोकरी गेलेला एकजण आहे. बिल मोठं असलं की असा माणूस 'या वेळी जमत नाही रे' म्हणून घरी राहतो, आणि त्याचं खरं कारण आपल्याला कधी कळत नाही. इथे त्याला यायला संकोच वाटत नाही. सुटे पैसे मात्र सगळ्यांनी आणावेत, हिशोब चटकन होतो.

एका गटगला आम्ही मॉलमधल्या एका कॅफेत गेलो होतो. गारवा होता, गाद्या मऊ होत्या. पण गाण्याचा आवाज इतका की समोरच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून ओळखावं लागत होतं, आणि दुसरी फेरी मागवली नाही म्हणून मुलगा तीनदा बिल घेऊन आला. कोकणातून खास आलेली आमची एक मैत्रीण त्या दिवशी घसा बसवून परत गेली. तेव्हापासून झगमगाट बघून जागा ठरवायची नाही हे आमच्यात पक्कं आहे. दादरला मामा काणे आहे, प्रकाश आहे. त्यांचे बटाटेवडे, साबुदाणा वडे, पीयूष यांच्याबद्दल दुमत नाही. पण तिथे मागे माणसं ताटकळत उभी असतात, त्यांच्या डोळ्यांदेखत तासभर गप्पा मारणं मनाला पटत नाही. तिथे खायला जावं.

कयानीतही वेळ सांभाळावी लागते. न्याहारीच्या ऐन गर्दीत जागा अडवून बसू नये. साडेदहाच्या पुढे गेलात तर निवांत बोलता येतं. थोड्या थोड्या वेळाने काहीतरी मागवत राहावं, हा साधा शिष्टाचार आहे. घरून आणलेलं तिथे खायचं नाही, द्यायचं-घ्यायचं मात्र खुशाल. मोदकताई सगळ्यांना मेतकुटाच्या पुड्या आणतात, कोणी दिवाळी अंक आणतं, मी गेल्या वेळी कढीपत्त्याची रोपं नेली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार रोपं टेबलाखाली उभी, आणि वर त्यांना माती कुठली घालायची यावर अर्धा तास वाद.

पोट भरलं तरी बोलणं संपत नाही, तेव्हा प्रिन्सेस स्ट्रीटवर पारसी डेअरीत जायचं. तेही 1916 सालचं दुकान. मलई कुल्फी घ्यायची, बाहेर पडायचं आणि उन्हं उतरली असतील तर मरीन ड्राइव्हपर्यंत चालायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सी करावी, चारजणांत काही लागत नाही.

डिसेंबरात अमेरिका-दुबईची मंडळी सुट्टीला येतात, तेव्हा आकडा वीसवर जातो. त्या गटगसाठी कयानी नको. वीस माणसं तिथे चार-पाच टेबलांवर विखुरतील, आणि दोन वर्षांनी भेटणाऱ्यांनी पाठमोरं का बसायचं? त्यासाठी ठाण्याच्या काकूंनी त्यांच्या सोसायटीचा हॉल देऊ केलाय, तो घेऊ. एरवी सात-आठजणांपर्यंत, शनिवारी साडेदहा, मेट्रो सिनेमासमोर. जो आधी पोचेल त्याने आतलं कोपऱ्याचं टेबल धरावं आणि पानावर 'बसलोय' एवढंच टाकावं.